गौरीसाठी हापशाचं पाणी

बाबांच्या शोकसभेत एकामागून एक माणूस उठून "देवमाणूस होते" असं सांगत होता आणि मी पहिल्या रांगेत दात आवळून बसले होते. सभा तुलसी नगरातल्या एका हॉलमध्ये होती. बाबांबरोबर नोकरी केलेले बरेचसे मराठी लोक निवृत्तीनंतर भोपाळमध्येच राहिले, ते सगळे आले होते. एकाने सांगितलं, त्यांनी कारखान्यातली पेन्सिलसुद्धा कधी घरी आणली नाही. दुसऱ्याने सांगितलं, ठेकेदाराने दिवाळीला पाठवलेली मिठाईची पेटी ते स्वतः स्कूटरवरून परत देऊन आले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ती पेटी परत गेली तेव्हा मी दारात उभी राहून रडले होते.

भ्रष्टाचार म्हणजे फक्त पैसे खाणं, एवढीच ज्यांची समजूत आहे त्यांच्या दृष्टीने बाबा देवमाणूस होतेच. मी त्यांच्या घरात वाढले, त्यामुळे मला जास्त माहीत आहे. सभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा घसा बसलाय म्हणून मी हात जोडले. सगळ्यांना वाटलं, मुलीला दुःख आवरत नाहीये. मला राग आवरत नव्हता.

तिथून अवधपुरीला घरी येताना ती जागा लागते. आमचा कारखाना तिथे होता. शहराच्या या बाजूला जो मोठा सरकारी कारखाना सगळ्यांना ठाऊक आहे तो नव्हे. त्याच्या सावलीत एक लहानसा सरकारी कारखाना होता, लोखंडी भागांवर मुलामा चढवण्याचा. त्याची स्वतःची छोटी वसाहत होती, शाळा होती, दवाखाना होता. आता सगळं पाडलंय आणि तिथे एका बिल्डरचा मोठा फलक लागलाय, 'प्रकृति की गोद में घर'. खाली लिहिलंय, चोवीस तास बोअरवेलचं पाणी. तो फलक पाहिला की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. एकदा मी गाडी थांबवून तिथल्या तरुण सेल्समनला विचारलं, इथल्या जमिनीखाली काय आहे हे तुम्हाला माहीत आहे का. त्याने मला हसून माहितीपत्रक दिलं.

बाबा त्या कारखान्यात इंजिनियर होते आणि वसाहतीचा पाणीपुरवठा त्यांच्याकडे होता. वसाहतीला मोठ्या तलावाचं पाणी पाइपने यायचं, गाळून, औषध टाकून. नळ सोडला की भांड्यात काचेसारखं स्वच्छ पाणी. बाबांना त्याचा अभिमान होता. पाहुणे आले की ते पेला उजेडात धरून दाखवायचे.

वसाहतीला चहूबाजूंनी भिंत होती. मागच्या भिंतीत एक छोटं फाटक होतं आणि त्याच्यापलीकडे वस्ती. ही भिंत, आमची घरं, कारखान्याची शेड, सगळं ज्या मजुरांनी बांधलं त्यांतले बरेच काम संपल्यावर तिथेच राहिले होते. त्यांच्या बायका आमच्याकडे धुणीभांडी करायच्या. वस्तीत नळ नव्हता. कारखान्याने त्यांना एक हापसा खणून दिला होता. त्याच्या उद्घाटनाला साहेब लोकांनी नारळ फोडला, हार घातले, पेढे वाटले. हापसा कारखान्याच्या मागच्या अंगाला होता, आणि मुलामा चढवून उरलेलं पाणी ज्या खड्ड्यात सोडत तोही त्याच अंगाला होता.

वसाहतीचं पाणी बाहेर न्यायला मनाई होती. छोट्या फाटकावर एक चौकीदार बसायचा. कामवाल्या बायका घरी निघाल्या की तो त्यांच्या पिशव्या बघायचा. कुणाकडे पाण्याचा डबा सापडला तर तो तिथेच मातीत ओतायला लावायचा. त्या ओल्या मातीवर कायम एक कुत्रं झोपलेलं असायचं. आम्ही मुलं शाळेतून येताना त्या कुत्र्याला बिस्किटं द्यायचो, आणि पाणी तिथे का सांडलेलं असतं असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही.

आता आईचं सांगते. आईचं माहेर वाईचं. तिथे देवाचं पाणी विहिरीतून स्वतःच्या हाताने शेंदून आणायचं, अशी रीत होती. नळात चामड्याचा वायसर असतो, म्हणून नळाचं पाणी देवाला नाही. एरवी आई काही फार सोवळी नव्हती, अंड्याचा केकसुद्धा खायची. पण चैत्रगौर बसली की तिच्या अंगात तिची आई संचारायची. वसाहतीत विहीर कुठून येणार? म्हणून हळदीकुंकवाच्या दिवशी ती धुतलेली साडी नेसून, तांब्याची कळशी घेऊन छोट्या फाटकातून बाहेर पडायची आणि वस्तीतल्या हापशावरून पाणी आणायची. त्या पाण्याचं पन्हं गौरीला नैवेद्य म्हणून दाखवायचं, आणि मग ते मोठ्या पातेल्यातल्या पन्ह्यात मिसळून सगळ्या बायकांना द्यायचं.

"अगं, हापशातही चामड्याचाच वायसर असतो," बाबा दर वर्षी म्हणायचे.

"ते तुमचं तुमच्यापाशी," आई म्हणायची आणि निघायची.

मी तिच्याबरोबर जायचे. हापशावर बायकांची रांग असे. आईला पाहिलं की रांग बाजूला सरे. आई आधी हापशाच्या दांड्यावर पाणी ओतून घ्यायची, मग त्याला हात लावायची. त्यांच्याच पाण्याने त्यांचाच हात धुऊन काढायची, त्यांच्यादेखत. बायका पदर डोक्यावर घेऊन बघत राहायच्या. मला वाटायचं, त्यांना राग येत असेल. त्यांना काय वाटत होतं ते मला फार उशिरा कळलं. आपल्या हापशाचं पाणी वसाहतीतल्या भाभीजी भगवानाला चढवतात, म्हणजे ते चांगलंच असणार, असं त्यांना वाटायचं.

आमच्याकडे काम करणारी मौसी त्या वस्तीतली. ती मूळची तिथली नव्हती. आधी जुन्या शहरात, कीटकनाशकांच्या त्या कारखान्याच्या बाजूला राहायची. ज्या रात्री तिथे गॅस सुटला त्या रात्री तिचा नवरा गेला. मुलीचा हात धरून ती पळाली आणि काही महिन्यांनी एका नातेवाइकाच्या ओळखीने इकडे येऊन राहिली, कारण इकडची हवा चांगली आहे असं तिला सगळे सांगत होते. आमच्या वसाहतीतले लोकही तेच सांगायचे. त्या रात्री वारा आमच्याकडे वळला नाही, हे ते स्वतःचं काही कर्तृत्व असल्यासारखं सांगत.

आणि मग त्या वाऱ्याचा आमच्या साहेबांनी पुढे कितीतरी वर्षं फायदा घेतला. वस्तीत कुणाच्या हातापायाला न भरणाऱ्या जखमा झाल्या, मुलं सतत पोट धरून बसायला लागली, बायकांचे गर्भ टिकेनासे झाले, की दवाखान्यातला डॉक्टर विचारायचा, "गॅसवाले हो क्या?" वस्तीत मौसीसारखी चार घरं होती, बाकीच्यांनी तो गॅस पाहिलाही नव्हता. तरी सगळ्यांचं सगळं दुखणं गॅसच्या खात्यावर. दुसऱ्याचं पाप एवढं मोठं होतं की आमचं त्याच्याआड सहज लपून गेलं.

मौसीच्या मुलीचं लग्न वस्तीतच झालं. जावई एका पंक्चरच्या दुकानात कामाला होता. पहिल्या खेपेला मुलीचं बाळ पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा मौसीला कसलीतरी शंका आली. हापशाचं पाणी पिवळट दिसायला लागलं होतं, भात शिजवला तर भाताला रंग चढायचा. तिने जावयाला सांगून मुलीपुरतं पाणी लांबून आणायला सुरुवात केली. तो रोज पहाटे सायकलला दोन डबे लटकवून हमरस्त्यापलीकडच्या एका नळावर जायचा, मग कामावर. थंडीचे दिवस होते. एकदा घसरून पडला आणि त्याचं मनगट मोडलं.

तेव्हा मौसीने आईला विचारलं. आयुष्यात तिने आमच्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

"भाभीजी, साहब से कह के एक डिब्बा पानी रोज दिलवा दो. बस बच्ची के लिए. फाटक वाला निकलने नहीं देता."

आईने रात्री जेवताना बाबांना विचारलं. मी तिथेच होते. बाबा म्हणाले, एकीला दिलं तर उद्या अख्खी वस्ती दारात उभी राहील. आईने विचारलं, "पण ते पाणी बरं आहे ना?"

"तपासलेलं आहे," बाबा म्हणाले.

हे वाक्य मी आजवर विसरलेले नाही. बाबा खोटं बोलले नाहीत. पाणी तपासलेलं होतंच. तपासल्यावर काय निघालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. प्रामाणिक माणसं अशीच असतात, त्यांना खोटं बोलावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आईने मौसीला समजावलं. अगदी मनापासून, तिचा हात हातात घेऊन. म्हणाली, "देखो, पानी तपासा हुआ है. और मैं खुद हर साल गौरी को यही पानी चढ़ाती हूँ ना? खराब होता तो भगवान को देती क्या?"

मौसीने क्षणभर विचार केला. "हओ," ती म्हणाली, "ये बात तो है."

त्या दिवसापासून लांबचं पाणी आणणं बंद झालं. मुलगी हापशाचं पाणी प्यायला लागली.

मग चैत्र आला. गौर झोपाळ्यावर बसली. हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी आई कळशी घेऊन दारात आली आणि बाबा ड्यूटीवर जायला स्कूटर काढत होते. त्यांनी कळशीकडे पाहिलं.

"या वर्षी ते पाणी नको आणूस," ते म्हणाले.

आई थांबली. "का?"

"असंच. एवढ्या बायका येणार, उगाच कुणाला त्रास व्हायला नको."

"कसला त्रास?"

बाबांनी किक मारायला उचललेला पाय खाली ठेवला. मग हलक्या आवाजात, शेजारी ऐकू जाणार नाही असं, त्यांनी सांगितलं. खड्ड्याला अस्तर नाही. मुलाम्याचं पाणी जमिनीत उतरतंय आणि हापशात आलंय. वरच्यांना माहीत आहे, पण सध्या बोलायचं नाही असं ठरलंय.

"कधीपासून माहीत आहे तुम्हाला?" आईने विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासून." मग ते म्हणाले, "तुम्हाला काही होऊ नये म्हणून सांगतोय ना मी."

कारखान्याचा भोंगा झाला आणि ते गेले. वेळेवर जाणं हाही त्यांचा एक गुण होता.

आई तशीच उभी होती. मी तेव्हा नववीत होते, सगळं समजण्याएवढी मोठी होते. बाबांना आपल्या घरातल्या पन्ह्याची काळजी वाटली. साहेबांच्या बायकांच्या पोटाची काळजी वाटली. रोज आमच्याच न्हाणीपाशी उकिडवी बसून आमची भांडी घासणाऱ्या बाईला ते सांगावं, असं मात्र त्यांना दिवाळीपासून चैत्रापर्यंत एकदाही वाटलं नाही. मला त्या क्षणी त्यांचा जो राग आला तो त्यांच्याबरोबर जळला नाही. मला वाटलं होतं, जळेल.

आई कळशी घेऊन फाटकाकडे निघाली. मी तिच्यामागे. हापशावर रांगेत मौसीची मुलगी उभी होती, सातवा महिना सरत आला होता. आईला पाहून ती बाजूला झाली, म्हणाली, "पहले भगवान का भर लो, भाभीजी."

आई तिला म्हणाली, "तू यह पानी मत पी, बेटा. यह खराब है. घर जा."

ती हसली. तिला वाटलं, आई थट्टा करतेय. "आप भी तो भर रही हो," ती म्हणाली. मागच्या बायकाही हसल्या. आईने पुन्हा सांगितलं, माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, की साहेबांनी स्वतः सांगितलंय, विचारा हिला. मी मान हलवली. पण त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. इतकी वर्षं दर चैत्रात नटूनथटून येऊन आईने जे त्यांच्या मनात भरवलं होतं, ते एका वाक्याने कसं निघणार? आणि साहेब आमच्याविषयी कधीपासून काळजीने बोलायला लागले, असंही एकजण मागून म्हणाली.

दांड्यावर पाणी न ओतता आईने हापसा मारला, कळशी भरली आणि घरी आली. कैऱ्या उकडलेल्याच होत्या. तिने एक पेला पन्हं केलं, गूळ, वेलची, मीठ, सगळं घालून, आणि गौरीपुढे ठेवलं. मी म्हटलं, "आई, हे कशाला?" तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी बाबा जेवायला घरी आले. मौसी न्हाणीपाशी भांडी घासत होती. बाबांचं ताट वाढून झाल्यावर आईने मौसीला हाक मारली, "इधर आओ, जरा खड़ी रहो." मौसी हात तसेच ओले घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

आईने गौरीपुढचा पेला उचलून बाबांच्या ताटाशी ठेवला. मग हिंदीत, मौसीला कळावं म्हणून, म्हणाली, "गौरी का प्रसाद है. हापसे का पानी है. पी लीजिए."

बाबांनी आईकडे पाहिलं, मग दाराकडे. मौसी त्यांच्याकडे बघत होती. पंखा फिरत होता. बाबांचा हात ताटावरून पेल्याकडे गेला, अर्ध्यातून परत आला आणि त्यांनी भाताचा घास कालवायला घेतला. ते एवढंच म्हणाले, "काय चाललंय हे तुझं?" पेल्याला हात लावला नाही.

मौसीने हात पदराला पुसले. तिने चपला घातल्या आणि भांडी तशीच टाकून जवळजवळ पळतच फाटकाकडे गेली. खिडकीतून तिची पाठ दिसत होती.

आई खाली बसली. प्रसाद टाकायचा नसतो, म्हणून तिने तो पेला उचलला आणि बाबांच्या डोळ्यांदेखत पिऊन टाकला. "अगं, अगं," बाबा म्हणाले. माझ्या आठवणीत बाबा घाबरलेले तेवढेच. मग आईने उरलेली भांडी स्वतः घासली. संध्याकाळच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना कुलूप दिसलं.

जावई अधू मनगटाने पुन्हा सायकलवर डबे आणायला लागला. आईही रोज आमच्या नळाचं पाणी कळशीत भरून फाटकातून बाहेर न्यायची. साहेबांच्या बायकोची कळशी ओतायला लावण्याची चौकीदाराची टाप नव्हती. बाबांना वरून विचारणा झाली, बाबा घरी येऊन आईशी भांडले, आईने कळशी थांबवली नाही. पण ती एकच कळशी होती आणि वस्तीत शंभरेक माणसं हापशावर होती. आई वसाहतीतल्या इतर मराठी बायकांकडेही गेली. सगळ्यांनी ऐकून घेतलं, हळहळल्या, डाळ खायला दिली. नवऱ्यांच्या नोकऱ्यांकडे बघून पुढे सगळ्याच मूग गिळून बसल्या. एकीने आईला समजावलं, "अहो, ती तर गॅसवाली. तिचं तसंही टिकलं नसतं."

वैशाखात मुलीचं बाळ गेलं. दवाखान्यात डॉक्टरने विचारलं, गॅसवाले हो क्या.

त्यानंतर काही दिवसांनी मौसी आली. आत आली नाही. मुलीच्या डोहाळजेवणासाठी आईने दिलेली हिरवी साडी तिने घडी करून आणली होती. ती पायरीवर ठेवली. आई बाहेर आली, तिने हात जोडले. बाबा आत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांना ऐकू जात होतं. वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही.

मौसीने हात जोडले नाहीत. शांतपणे म्हणाली, "भाभीजी, साहब पे तो हमने कभी भरोसा किया ही नहीं था. हमने आपके भगवान पे किया था."

मग ती वळली. मी तिच्यामागे थोडी गेले. छोट्या फाटकाशी चौकीदाराने तिला थांबवलं आणि पाणी तर नेत नाही ना म्हणून तिची रिकामी पिशवी उलटी करून बघितली.